फिंगरबोर्डची निगा (गिटार)

फिंगरबोर्डची निगा म्हणजे गिटारच्या नेकवर चिकटवलेली, तारांखालची लाकडी पट्टी स्वच्छ करून तिला अत्यल्प प्रमाणात तेल लावण्याची प्रक्रिया होय. या पट्टीला फ्रेटबोर्ड असेही म्हणतात. ही प्रक्रिया ज्या फिंगरबोर्डवर लाख, लॅकर वा वार्निशचा थर नसतो, अशाच फिंगरबोर्डला लागू होते. प्रामुख्याने शिसवी (रोझवूड), आबनूस (एबनी) आणि पाउ फेरो या लाकडांच्या पट्ट्या त्यात मोडतात. लॅकरचा थर असलेल्या मॅपलच्या पट्टीत तेल शिरत नाही, म्हणून तिला ते लावण्याचे प्रयोजन उरत नाही.

कोणते तेल लावावे, किती वेळा लावावे, किंबहुना लावावे की नाही, याविषयी वादक, उत्पादक आणि दुरुस्ती कारागीर यांच्यात एकवाक्यता नाही. मात्र तेलाच्या अभावाने जितके फिंगरबोर्ड बिघडतात त्यापेक्षा तेलाच्या अतिरेकाने आणि हवेतील आर्द्रतेकडे केलेल्या दुर्लक्षाने अधिक बिघडतात, हे मत दुरुस्तीच्या व्यवसायात सर्रास आढळते.

रचना आणि लाकूड

गिटारचा फिंगरबोर्ड साधारण ५ ते ७ मिमी जाडीचा असतो. त्यावर आडव्या खाचा पाडून त्यांत फ्रेट, म्हणजे धातूचे पडदे, ठोकून वा दाबून बसवलेले असतात. फ्रेटची तार बहुधा जर्मन सिल्व्हरची असते. नावात 'सिल्व्हर' असले तरी या मिश्रधातूत चांदी नसते, तांबे, निकेल आणि जस्त असते. वादकाची बोटे तारेबरोबर लाकडालाही स्पर्श करतात. त्यामुळे घाम, त्वचेतील स्निग्धांश आणि मृत त्वचेचे कण फ्रेटच्या कडेला साचत जातात. सतारीच्या बाबतीत ही अडचण फारशी उद्भवत नाही, कारण तिचे कमानदार पडदे दांडीपासून उंच असतात आणि बोट लाकडाला क्वचितच लागते. सतारवादक डाव्या हाताच्या बोटांना तेल लावतात, ते बोट तारेवरून सहज सरकावे म्हणून; त्याचा लाकडाच्या निगेशी संबंध नाही.

दक्षिण भारतातील व सह्याद्रीतील शिसव (डालबर्जिया लॅटिफोलिया) हे जगभरातील गिटारांच्या फिंगरबोर्डसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमुख लाकडांपैकी एक आहे. त्याची घनता प्रति घनमीटर सुमारे ८३० किलो भरते. आफ्रिकी आबनूस त्याहून जड, सुमारे ९५० किलो, तर कठीण मॅपल सुमारे ७०० किलो असते. शिसवीची छिद्रे डोळ्यांना दिसतील इतकी मोठी असतात आणि त्यांत मळ बसतो. आबनुसाचा पोत घट्ट व गुळगुळीत असतो. शिसवीच्या गाभ्यात मुळातच तैलयुक्त घटक असतात. सरस लावण्यापूर्वी कारागीर तिचा पृष्ठभाग ॲसिटोनने पुसून घेतात तो याच कारणाने. याउलट मॅपल फिकट रंगाचे असते, त्यावर मळ चटकन दिसतो आणि डाग खोलवर उतरतात. म्हणून त्यावर लॅकरचा थर देण्याची पद्धत पडली.

फेंडर कंपनीच्या सुरुवातीच्या विद्युत गिटारींचे नेक व फिंगरबोर्ड अखंड मॅपलचे होते. वापराने लॅकर झिजून त्या काळ्या पडत व जुनाट दिसत. १९५८ मध्ये आलेल्या जॅझमास्टर या प्रतिमानास शिसवी फिंगरबोर्ड देण्यात आला आणि १९५९ मध्ये स्ट्रॅटोकास्टरलाही तो मिळाला.

लाकडावरून निगा ठरवावी, हा नियम सोयीचा असला तरी त्याला अपवाद आहेत. रिकनबॅकर कंपनीच्या अनेक गिटारींच्या शिसवी फिंगरबोर्डवरही वार्निशचा थर असतो, तेव्हा तेथे तेलाला वाव नाही. दुसरीकडे म्युझिक मॅन कंपनीच्या अनेक मॅपल नेकवर लॅकर नसून बंदुकीच्या दस्त्याला लावतात त्या जातीचे तेल आणि मेण असते, आणि अशा नेकला अधूनमधून तेलमेण लागते. कमी किमतीच्या अनेक गिटारींचा फिंगरबोर्ड फिकट लाकडाला काळा रंग देऊन आबनुसासारखा केलेला असतो. तेलाचा बोळा काळा झाला की तो मळ आहे की रंग, हे आधी ठरवावे लागते. रंग असल्यास घासणे तिथेच थांबवणे इष्ट.

तेल नेमके काय करते

'लाकडाला खुराक देणे' हा वाक्प्रयोग जाहिरातींत आणि वादकांच्या बोलण्यात रूढ आहे. लाकूड कापल्यानंतर त्यात कोणतीही जिवंत क्रिया उरत नाही. त्यामुळे त्याला खुराकाची गरज नसते आणि तेलाने ते 'पुन्हा जिवंत' होत नाही. तेलाचे प्रत्यक्ष परिणाम तीन.

पहिला दृश्य आहे. कोरड्या पृष्ठभागावरील सूक्ष्म पोकळ्यांत हवा असते; लाकूड आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो आणि पट्टी करडी, भुरकट दिसते. पोकळ्यांत तेल शिरले की विखुरणे कमी होते व रंग गडद होतो. ओल्या दगडाचा रंग गडद दिसतो त्यामागचे कारण हेच. दुसरा परिणाम सफाईचा. तेलाने घामाचा स्निग्ध, घट्ट झालेला थर मऊ पडतो व पुसून निघतो. तिसरा परिणाम म्हणजे पृष्ठभाग घाम व पाणी काहीसे कमी शोषतो. तथापि हवेतील बाष्पाची देवाणघेवाण तेलाचा पातळ हात थांबवू शकत नाही. ती किंचित मंदावते, एवढेच.

या तिसऱ्या मुद्द्याविषयीचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. पट्टी भुरकट दिसते म्हणून वादक तेल लावतो, ती काळीभोर दिसू लागते आणि प्रश्न सुटल्याचे समाधान मिळते. लाकडातील पाण्याचे प्रमाण मात्र होते तितकेच राहते.

आर्द्रता

लाकडातील पाण्याचे प्रमाण भोवतालच्या सापेक्ष आर्द्रतेनुसार बदलते. सामान्य तापमानास ५० टक्के आर्द्रतेत लाकूड सुमारे ९ टक्के पाणी धरून स्थिरावते. आर्द्रता २५ टक्क्यांवर उतरली तर हे प्रमाण सुमारे ५ टक्के होते, आणि ८० टक्क्यांवर गेली तर सुमारे १६ टक्के. पाणी कमी झाले की लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते. लांबीच्या दिशेने होणारा बदल नगण्य असतो. शिसवीसाठी हिशेब केल्यास, ९ वरून ५ टक्क्यांवर येताना ५५ मिमी रुंदीची पट्टी, ती कोणत्या बाजूने चिरली आहे त्यानुसार, साधारण ०.२ ते ०.४ मिमी अरुंद होते.

फ्रेट धातूचे असल्याने ते आकसत नाहीत. परिणामी त्यांची टोके नेकच्या दोन्ही कडांना बाहेर येतात आणि हात वरखाली सरकताना करवतीच्या दात्यांसारखी बोचतात. आकडा क्षुल्लक वाटला तरी बोटाला दशांश मिलिमीटरची धार सहज जाणवते. ही तक्रार घेऊन आलेल्या गिटारीला आधी काही आठवडे योग्य आर्द्रतेत ठेवावे आणि मगच फ्रेटची टोके कानशीने घासावीत, असा अनुभवी कारागिरांचा प्रघात आहे. घाईने घासलेली टोके पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर आखूड पडतात आणि कडेची तार फ्रेटवरून घसरू लागते. आर्द्रता फारच कमी राहिल्यास फिंगरबोर्डला तंतूंच्या दिशेने चिरा जातात. ॲकॉस्टिक गिटारमध्ये फिंगरबोर्डच्या टोकाशेजारी वरच्या पातळ फळीलाही तडा जाऊ शकतो. अशी चीर तेलाने भरून येत नाही. उलट तीत तेल गेले असल्यास नंतर सरस धरत नाही.

गिटारसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. घड्याळाएवढा आर्द्रतामापक पेटीत ठेवणे हा फिंगरबोर्डच्या निगेतील सर्वांत स्वस्त आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

तेलांचे प्रकार

फिंगरबोर्डसाठी वापरली जाणारी तेले न वाळणारी आणि वाळणारी अशा दोन गटांत मोडतात. 'वाळणे' म्हणजे येथे पाणी उडून जाणे नव्हे. तेलाच्या रेणूंनी हवेतील ऑक्सिजन घेऊन एकमेकांशी जोडले जाणे व घट्ट पापुद्रा बनणे होय. तेलातील असंपृक्तता जितकी अधिक तितके ते लवकर वाळते आणि तिचे माप आयोडीन मूल्याने दिले जाते. जवसाच्या तेलाचे हे मूल्य साधारण १७० ते २००, सूर्यफुलाचे ११० ते १४५, शेंगदाण्याचे ८० ते १०५ आणि खोबरेलाचे जेमतेम ६ ते ११ असते.

खनिज तेल हे न वाळणारे, रंगहीन आणि वासहीन असते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन हे त्याचेच शुद्ध रूप. ते खवट होत नाही, पापुद्रा धरत नाही, आणि जास्त झाल्यास बरेचसे पुसून काढता येते. बाजारात 'लेमन ऑइल' या नावाने विकली जाणारी फिंगरबोर्डची बहुतेक तेले मूलतः खनिज तेलेच असून त्यांत लिंबाच्या सालीचे तेल वा केवळ सुगंध अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. लिंबाच्या सालीचे शुद्ध तेल ही निराळी वस्तू आहे. त्याचा मुख्य घटक लिमोनीन हा प्रभावी द्रावक असून तो मळ विरघळवतो, पण पॉलिस्टायरीनसारखे प्लॅस्टिकही विरघळवतो आणि लॅकरवर पडल्यास तो थर खराब करू शकतो. लिंबाच्या रसाचा या दोहोंशी काहीही संबंध नाही. तो आम्ल व पाणी यांचे मिश्रण असल्याने धातू व लाकूड दोन्हींस अपायकारक आहे. नावातील साम्यामुळे फिंगरबोर्डवर लिंबू चोळण्याचे प्रयोग होतात, म्हणून हा खुलासा.

जवसाचे तेल वाळणाऱ्या गटातील आहे. क्रिकेटच्या बॅटला लावतात ते कच्चे जवसाचे तेल वाळण्यास अनेक दिवस घेते. 'उकळलेले' म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलात आता बहुधा वाळण्याची गती वाढवणारी धातूंची संयुगे घातलेली असतात. काही कारागीर नवी पट्टी घडवल्यावर किंवा फ्रेट बदलल्यावर या तेलाचा एक अत्यंत पातळ हात देऊन लगेच पुसून घेतात, आणि तेवढ्यापुरते ते उत्तम काम करते. दर काही महिन्यांनी त्याचेच हात देत राहिल्यास मात्र थरावर थर चढून पट्टी चिकट होते आणि तो थर खरवडून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तुंग तेल व अक्रोडाचे तेल याच जातीची आहेत.

घरातील खाद्यतेले या कामी अयोग्य ठरतात. सूर्यफूल तेल धड वाळत नाही आणि धड ओलेही राहत नाही. काही काळाने ते चिकट व खवट होते. शेंगदाणा तेलाची गतही फारशी वेगळी नाही. खोबरेल त्या मानाने टिकाऊ असले तरी सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते, त्यामुळे थंडीत लाकडाच्या छिद्रांत पांढुरके दिसू लागते आणि उन्हाळ्यात पुन्हा पातळ होऊन बोटांना व तारांना लागते. मधमाश्यांचे मेण तेलात मिसळून केलेली मलमे पृष्ठभागाला मंद चकाकी देतात, परंतु फ्रेटच्या कडेला साचतात. सिलिकोनयुक्त फर्निचर पॉलिश कटाक्षाने टाळावे. सिलिकोन लाकडातून सहजासहजी निघत नाही, आणि पुढे सरस वा लॅकर लावण्याची वेळ आल्यास ते धरत नाही.

आगीचा धोका

जवस, तुंग व तत्सम तेले वाळताना उष्णता बाहेर पडते. तेलाने भिजलेला बोळा चुरगाळून टाकल्यास ही उष्णता आत कोंडली जाते, तापमान वाढत जाते आणि ठिणगीशिवाय कापड पेट घेऊ शकते. फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीस २३ फेब्रुवारी १९९१ रोजी लागलेली आग जवसाच्या तेलाच्या अशाच चिंध्यांमुळे सुरू झाली होती. तीत अग्निशमन दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. वापरलेला बोळा पाण्यात बुडवून मग टाकावा, किंवा उघड्यावर पूर्ण उलगडून, एकेरी पसरून वाळू द्यावा. घडी घालून कपाटात वा केराच्या डब्यात टाकू नये. खनिज तेलाच्या बाबतीत हा आपोआप पेटण्याचा धोका नसतो, आणि घरगुती वापरासाठी ते अधिक योग्य मानण्याचे हे एक ठोस कारण आहे.

पद्धत

तारा बदलण्याची वेळ ही निगेसाठी सोयीची असते. सर्व तारा एकदम काढल्याने नेकला इजा होते ही समजूत सामान्य गिटारच्या बाबतीत निराधार आहे. तासाभराच्या कामात तसे काही घडत नाही. तरीही दोन प्रकारच्या गिटारींत सावधगिरी लागते. आर्चटॉप गिटारचा ब्रिज केवळ तारांच्या दाबाने जागी राहतो, तो हलला तर स्वर बिघडतात. म्हणून त्याची जागा आधी टेपने खुणावून ठेवावी. फ्लॉइड रोज जातीच्या तरंगत्या ब्रिजखाली तारा काढण्यापूर्वी लाकडी ठोकळा वा घडी केलेले कापड सरकवावे.

किरकोळ मळ कोरड्या वा किंचित ओलसर सुती कापडाने निघतो. फ्रेटच्या कडेचा घट्ट थर जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेने खरवडता येतो. मऊ दातघासणीही चालते. त्याने न निघणाऱ्या मळासाठी नॅफ्था, म्हणजे लायटरमध्ये भरतात ते द्रव, कापडावर घेऊन वापरतात. ते अतिज्वालाग्राही असल्याने खिडक्या उघड्या ठेवून आणि ज्योतीपासून दूर राहूनच हाताळावे लागते. फारच मळलेल्या पट्टीवर ०००० क्रमांकाचा पोलादी काथ्या लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवतात. विद्युत गिटारवर तो वापरताना पिकअप टेपने झाकणे अत्यावश्यक आहे, कारण पोलादाचे बारीक तुकडे पिकअपमधील चुंबकाला चिकटतात आणि नंतर निघता निघत नाहीत. फ्रेट व फिंगरबोर्ड यांच्या सांध्यात दिसणारा हिरवट थर हा घामामुळे तांब्यावर आलेला कळंक होय. तो खरवडून काढावा, त्यावर तेल चढवू नये.

सफाईनंतर लाकूड पूर्ण कोरडे होऊ द्यावे. तेल थेट पट्टीवर न ओतता कापडावर घ्यावे. संपूर्ण फिंगरबोर्डला मोजके थेंब पुरतात. पातळ हात फिरवून पाच ते दहा मिनिटे थांबावे आणि कोरड्या कापडाने सर्व तेल पुसून घ्यावे. पुसून झाल्यावर बोट फिरवले असता बोटाला तेल लागता कामा नये. लागत असल्यास आणखी पुसावे. नव्या तारा त्यानंतरच चढवाव्यात, कारण गुंडाळीच्या तारांच्या वेढ्यांत तेल शिरले की त्यांचा नाद मंद होतो.

कोरड्या हवेच्या प्रदेशात वर्षातून एकदा, फार तर दोनदा एवढे पुरते. प्रत्येक वेळी तारा बदलताना तेल लावण्याची सवय अनावश्यक आहे. प्रत्यक्ष वादनानंतर कोरड्या कापडाने तारा व पट्टी पुसणे आणि वाजवण्यापूर्वी हात धुणे, या दोन गोष्टींनी निगेचा मोठा भाग आपोआप साधतो.

अतितेलाचे परिणाम

सतत तेल मुरत राहिल्यास ते फ्रेटच्या खाचांतून खाली उतरते. ज्या गिटारींत फ्रेट सरसाच्या आधारे बसवलेले असतात तेथे पकड ढिली पडण्याचा संभव असतो; फ्रेट किंचित उचलला गेला की त्याआधीच्या, म्हणजे नेकच्या डोक्याकडील, स्वरांत खरखर येते. फ्रेट बदलताना खाचा तेलकट आढळल्यास नवा सरस धरत नाही आणि कारागिराला त्या द्रावकाने पुन्हा पुन्हा धुवाव्या लागतात. तेलकट पृष्ठभागावर धूळ अधिक बसते, म्हणजे ज्या मळासाठी तेल लावले तोच लवकर परततो.

कोकण, गोवा आणि देशावरील हवामान

परदेशी पुस्तिकांतील सल्ले बहुधा थंड, घरे कृत्रिमरीत्या तापवल्या जाणाऱ्या प्रदेशांना अनुसरून असतात. तेथे हिवाळ्यात घरातील आर्द्रता फार खाली जाते. मुंबई, कोकण आणि गोवा या पट्ट्यात परिस्थिती उलट असते. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज राहते, लाकूड फुगते, नेकचा बाक बदलतो, तारा उंच झाल्यासारख्या वाटतात आणि कापडी पिशवीत पडून राहिलेल्या गिटारच्या फिंगरबोर्डवर पांढरी बुरशी धरते. अशा वेळी तेल लावण्याने काहीही साधत नाही. बुरशी कोरड्या कापडाने, घराबाहेर, पुसून काढावी. गिटार बंद पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि त्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्यात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात, तसेच दिवसरात्र वातानुकूलन चालू असलेल्या खोलीत मात्र लाकूड खरोखरच कोरडे पडते. तेथे पेटीत ओलसर स्पंजाची, छिद्रे पाडलेली डबी ठेवणे हा प्रथम उपाय. स्पंज ठिबकता नसावा.

बदलती लाकडे

ब्राझीलच्या शिसवीचा समावेश १९९२ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला आणि तिचा व्यापार जवळजवळ थांबला. भारतीय शिसवीची मागणी कायम राहिली. भारतातून गेलेल्या शिसवी व आबनुसाच्या फिंगरबोर्ड-पट्ट्यांवरून अमेरिकी अधिकाऱ्यांनी २०११ मध्ये गिब्सन कंपनीवर छापे घातले होते. त्याआधी २००९ मध्ये मादागास्करच्या आबनुसावरूनही तशी कारवाई झाली होती, आणि २०१२ मध्ये ३ लाख डॉलरचा दंड भरून कंपनीने तडजोड केली. जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया वंशातील उर्वरित सर्व जाती साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, त्यामुळे तयार गिटारींनाही परवान्यांची गरज भासू लागली. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

या काळात अनेक कारखान्यांनी पाउ फेरो, भाजलेले मॅपल आणि रिचलाइट यांसारखे पर्याय स्वीकारले. पाउ फेरोची निगा शिसवीप्रमाणेच ठेवावी. भाजलेल्या मॅपलवर थर आहे की नाही हे उत्पादकाकडून जाणून घ्यावे. रिचलाइट हे कागद व फिनॉलिक राळ यांपासून केलेले संमिश्र द्रव्य असून ते लाकडाप्रमाणे आकसत वा फुगत नाही. दिसायला ते आबनुसासारखे असले तरी त्याला तेलाची गरज नसते. ओलसर कापडाने पुसणे पुरेसे होते.